आधी भाकरी गॅसवर आणा

वाचकाचं पत्र :

"मी बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहते. मालक गोव्यात कामाला आहेत, पंधरा दिवसांनी येतात. घरात सासूबाई, मी आणि आठ महिन्यांची मुलगी. उज्ज्वला योजनेतून गॅसची टाकी मिळून चार वर्षं झाली. गणपतीत भरून आणलेली टाकी अजून अर्धी आहे, कारण तिच्यावर चहा आणि मुलीचं दूध एवढंच होतं. बाकी सगळं चुलीवर, त्याच खोलीत. सासूबाई म्हणतात, 'गॅसवरची भाकरी वातड लागत्या, आणि टाकी फुटली म्हंजे?' त्यांना वर्षभर खोकला आहे. मी आमच्या महिला संघाचा हिशेब लिहिते, म्हणून वाडीतल्या बावीस घरांना गॅसचे फायदे समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. धुराचे आजार सांगितले, मोबाईलवर चित्रं दाखवली. बायका ऐकतात, माना डोलावतात आणि घरी जाऊन फुंकणी हातात घेतात. एकीनं तर तोंडावर सांगितलं, 'आधी तुझ्या सासूला शिकव, मग आम्हाला.' तिचं खरंच आहे. मी काय सांगू आणि कसं सांगू?"
— एक सून, खानापूर तालुका

ताई, नमस्कार.

त्या बाईचं बोलणं तुम्हाला लागलं असणार. पण तिनं तुम्हाला नेमका पत्ता सांगितला आहे. बावीस घरांचं काम तुमच्या स्वयंपाकघरापासून सुरू होतं. सासूबाईंना शिकवायचं हे मात्र मनातून काढून टाका. त्यांना शिकवायचं नाही, त्यांच्याकडून करवून घ्यायचं आहे. ते कसं, ते सांगते.

त्याआधी आजारांचं बोलते, कारण तिथंच तुमची गाडी अडली आहे असं मला वाटतं.

माझी आई निपाणीच्या बाजूची. आमच्याकडे तंबाखूच्या वाळलेल्या काड्या जळणाला असायच्या. त्यांचा धूर इतका उग्र की चुलीपाशी बसलेल्या माणसाला डोळे उघडे ठेवणं कठीण. आई पहाटे पाचला चुलीपुढं बसायची आणि साडेसातला उठायची, संध्याकाळी परत तेच. साठीच्या आत तिला जिना चढताना धाप लागायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "विडी ओढता का?" तिनं आयुष्यात विडी हातात धरली नव्हती. तिला प्रश्नाचा राग आला, मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आमची काळी भिंत नीट दिसली. भिंतीवर जे बसलं होतं तेच चाळीस वर्षं तिच्या छातीत जात होतं.

म्हणून धुराचं मी हलक्यात घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळं जगभर सुमारे ३२ लाख माणसं गेली, त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजार मुलं होती. दम्यासारखा कायमचा फुफ्फुसाचा आजार, हृदयविकार, अर्धांगवायू, मुलांचा न्यूमोनिया, बायकांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू, या सगळ्यांशी धुराचा संबंध आहे. पण हे बायकांना सांगून उपयोग होत नाही, कारण त्या रोज धूर खातात आणि रोज उठून कामाला लागतात. तीस वर्षांनी होणाऱ्या आजाराची भीती आजच्या भाकरीपुढं टिकत नाही.

दुसरं एक. जे खरं आहे तेवढंच सांगा. "चुलीपाशी तासभर बसणं म्हणजे चारशे सिगारेटी ओढणं" असं तुम्ही ऐकलं असेल, कदाचित सांगितलंही असेल. उज्ज्वलाच्या प्रचारात जे वाक्य होतं ते तासाला चारशे सिगारेटी जळाव्यात इतका धूर स्वयंपाकघरात होतो, असं होतं. जळणं आणि ओढणं यांत फरक आहे. चारशे सिगारेटी ओढणारं माणूस संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, हे गावातल्या कुठल्याही बाईला कळतं. एकदा तिला वाटलं की ही वाढवून सांगते, की मग तुमचं खरंही ती खोट्यात धरते.

तसंच, "गॅस आला की बाळाचा खोकला जाईल" असं कुणालाही वचन देऊ नका. भारतात तमिळनाडूत, आणि ग्वाटेमाला, पेरू, रवांडा या देशांत मिळून सुमारे ३२०० गरोदर बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्या घरांना दीड वर्ष शेगडी आणि गॅस फुकट दिला. त्या बायकांच्या श्वासात जाणारा धूर पुष्कळ कमी झाला, पण बाळांचा गंभीर न्यूमोनिया काही ठळकपणे कमी झाला नाही. मी हे तुमची उमेद घालवायला सांगत नाही. लहान मुलाच्या छातीला धुराशिवाय आणखी दहा गोष्टी त्रास देतात, आणि दीड वर्ष हा काळ थोडा आहे. पण उद्या गॅसवाल्या घरातलं बाळ खोकलं तर तुमच्या वाडीतली पहिली बाई म्हणेल, "बघा, गॅस घेऊन काय झालं?" तेव्हा सांगायचं ते आजचं सांगा. डोळे चुरचुरणार नाहीत. भांड्यांची काजळी घासायला लागणार नाही. पावसात ओल्या सरपणाशी झटापट होणार नाही. रानात मोळीला जाताना अस्वल दिसेल का, ही धाकधूक राहणार नाही. ही शेवटची गोष्ट तुमच्याकडच्या बायकांना मी सांगायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रातले "त्याच खोलीत" हे दोन शब्द वाचून मी थांबले. गॅसची टाकी आणि पेटती चूल एका खोलीत आहेत. सासूबाईंची टाकी फुटायची भीती तुम्ही अडाणीपणात जमा करत असाल, तर त्या तुमच्यापेक्षा शहाण्या आहेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर कौलांकडे जात नाही, जमिनीला धरून पसरतो. आणि आपली चूल कुठं असते? जमिनीवरच. रात्रीचा निखारा राखेखाली जिवंत असतो. म्हणजे गळका गॅस आणि विस्तव यांची गाठ पडायला आपणच जागा करून दिली आहे.

तेव्हा उद्या सासूबाईंशी वाद घालू नका. "तुमचं बरोबर आहे, टाकी आणि चूल एकत्र ठेवणं धोक्याचं" एवढं म्हणा. मग विचारा, "दोघींतली एक बाहेर काढायची तर कुठली काढूया?" चूल मागच्या पडवीत किंवा परसात, आडोशाला, वर पत्रा टाकून मांडता येते. टाकी पावसात बाहेर ठेवता येत नाही. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस मी तुम्हाला काय सांगणार.

हे काम मी सगळ्यांत महत्त्वाचं का म्हणते? आपल्याकडे गॅस आला तरी चूल घरात राहते, आणि धूरही घरातच राहतो. देशभरातल्या उज्ज्वलाच्या बायका २०२४-२५ मध्ये वर्षाला सरासरी साडेचारच्या आसपास टाक्या भरून घेत होत्या. पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक त्यात होत नाही. म्हणजे गॅस चहाला, चूल जेवणाला, अगदी तुमच्याच घरासारखं. आणि धुराचं गणित असं आहे की तो निम्मा कमी झाला म्हणून त्रास निम्मा होत नाही. थोडा धूरही पुष्कळ बाधतो. खोलीतून तो जवळपास संपला तरच खरा फायदा पदरात पडतो. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, ही तडजोड छातीच्या फारशी कामाची नाही. चुलीचा खरा वेळ भाकरी खाते, भात-आमटी खाते, आंघोळीचं पाणी खातं.

चूल बाहेर गेली म्हणजे ती मोडली असं नाही, हे मात्र नीट सांगा. आपल्या भाषेत "वेगळी चूल मांडली" म्हणजे घर फुटलं. सून गॅस-गॅस करायला लागली की सासूच्या मनात हेच येत असेल, तोंडानं ती भाकरीचं नाव घेते. बाहेरची चूल सासूबाईंचीच राहू दे. न्हाणीचं पाणी तिच्यावर तापेल, म्हशीचं आंबोण शिजेल, सणाला पुरणाचं मोठं पातेलं चढेल. भांड्यांना आणि बियाण्यात घालायला राखही मिळेल. धुरानं माळ्यावरचे वासे टिकतात, कणसांना कीड लागत नाही असं त्या म्हणतील, आणि ते खरं आहे. बियाण्याला राख आणि कडुलिंबाचा पाला चालतो. वाशांसाठी मात्र माझ्याकडे धुराइतकं स्वस्त उत्तर नाही. महिना-दोन महिन्यांनी, टाकी बाहेर काढून आणि बाळाला घेऊन सगळे बाहेर असताना, तासभर धुरी दिली तर कदाचित वासेही राहतील आणि माणसंही.

आता भाकरी. इथं मी थोडं सावकाश सांगणार आहे, कारण माझ्या मते सगळा खेळ इथं आहे.

सासूबाई खोटं बोलत नाहीत, गॅसवर पहिल्या दिवशी भाकरी वातडच होते. चुलीत जाळ तव्याच्या बुडाला सगळीकडून लागतो. शेगडीचा जाळ मधोमध गोल लागतो, तवा मध्ये तापतो आणि कडेला थंड राहतो. त्यात गॅस वाचवायचा म्हणून आपण आच बारीक करतो. बारीक आचेवर भाकरी भाजायच्या आधी वाळते. वाळलेली भाकरी फुगत नाही, आणि न फुगलेली भाकरी वातड.

म्हणून पातळ तवा घेऊ नका, चुलीवरचा जाड लोखंडीच घ्या. त्याचं बूड फार खोलगट असेल तर तो शेगडीवर डगमगतो, मग सपाट बुडाचा जाड तवा बाजारातून आणा. हा खर्च करा. शेगडीच्या मोठ्या बर्नरवर ठेवून चार-पाच मिनिटं नुसता तापू द्या. पीठ ताजं दळलेलं हवं आणि पाणी उकळतं हवं. नाचणीची असेल तर उकड काढूनच मळा. भाकरी टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आलं की लगेच उलटा, आणि ती भाजताना तव्यावर हळूहळू फिरवत राहा म्हणजे कडा कच्च्या राहत नाहीत. मग तवा उतरवून भाकरी सरळ जाळावर धरा, जाळी असेल तर जाळीवर. चुलीत आपण आरापुढं उभी करतो ना, तेच काम इथं उघडा जाळ करतो. टम्म फुगते. आच मोठी ठेवायला घाबरू नका. मोठा बर्नर पूर्ण चालवला तरी तासाला पावकिलोच्या आतच गॅस जातो. अर्ध्या तासात घरच्या भाकऱ्या झाल्या तर तो गॅस सात-आठ रुपयांचा.

आणि हे सगळं सासूबाईंच्या हातानं व्हायला हवं. तुम्ही करून दाखवलंत तर त्या चूक शोधतील, मीही शोधेन. त्यांना सांगा, "मला गॅसवर जमत नाही, तुमचा हात बघू." ज्या बाईनं पन्नास वर्षं भाकऱ्या थापल्या तिला हे तिसऱ्या दिवशी जमतं. चौथ्या दिवशी संघाच्या चार बायका घरी बोलवा आणि सासूबाईंना भाकऱ्या करायला लावा. तुम्ही बाजूला बसून पाणी द्या. बावीस घरांतलं तुमचं पहिलं भाषण तेच. मोबाईलवरची चित्रं त्या दिवशी काढूच नका.

एक अडचण कुणी सांगत नाही, ती ओट्याची. शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी आणि टाकी कायम उभी हवी. १४.२ किलोच्या टाकीला दोन फुटांहून उंच ओटा लागतो, म्हणजे उभं राहून स्वयंपाक. सासूबाईंचं सगळं आयुष्य बसून गेलं. काठवट मांडीपाशी, तवा हाताशी. उभं राहून थापायचं तर ओट्यावर काठवटीला जागा हवी, आणि आपल्याकडे लोक शेगडीपुरती दीड हाताची फरशी टाकून मोकळे होतात. मग बाई खाली थापते, उठते, तव्यावर टाकते, परत बसते. दोन दिवसांत गुडघे बोलतात आणि गॅस कोपऱ्यात जातो. मी पाहिलेल्या निम्म्या घरांत गॅस बंद पडायचं कारण एवढंच होतं. तुमचे मालक पुढच्या खेपेला आले की त्यांना हेच काम सांगा. शेगडीच्या बाजूला काठवट आणि पिठाचा डबा मावेल इतकी लांब फरशी, विटांच्या दोन भिंतींवर, सासूबाईंच्या कोपराची उंची मोजून. पलीकडे एक खिडकी, आणि जमलं तर खाली जमिनीलगत एक जाळी. जड गॅसला बाहेर जायला वाट तिथूनच मिळते.

टाकीची भीती मग नेमक्या गोष्टींवर आणा. टाकी आली की मानेजवळच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो, तो बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडा वर्षाचा. त्या मुदतीनंतर टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी असते, तारीख उलटून गेलेली टाकी घेऊ नका. आणणाऱ्याकडून समोर वजन करून घ्या आणि रेग्युलेटर लावून गळती बघून घ्या. घरी बघायची तर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून कधीच बघू नका. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, उंदरानं कुरतडली तर त्याच दिवशी. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद. गॅसचा कुबट वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर येऊन १९०६ ला फोन लावायचा. हा गळतीचा सरकारी नंबर आहे, रात्रंदिवस चालतो. गॅसला स्वतःचा वास नसतो, आपल्याला कळावं म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. हे सासूबाईंना जरूर सांगा, अशा गोष्टी त्यांना आवडतील.

पैशांचं. तुम्ही पत्रात पैशाचा एक शब्द लिहिला नाहीत, पण बावीस घरांत तो निघणारच. सरपण फुकट आणि टाकी विकत, हा विचार कुणाच्याही डोक्यातून भाषणानं जात नाही. २०२५-२६ मध्ये उज्ज्वलाच्या टाकीमागं ३०० रुपये परत मिळत होते, वर्षाला नऊ टाक्यांपर्यंत. पण ते मागून बँकेत येतात, टाकी दारात आल्यावर सगळी रक्कम रोख मोजावी लागते. आणि ती रक्कम त्या दिवशी घरात नसते. म्हणून टाकी संपली की महिना-महिना रिकामी राहते आणि तोवर हात परत चुलीकडे जातो.

तुम्ही संघाचा हिशेब लिहिता, तेव्हा हे तुम्हालाच जमेल. गॅसची वेगळी भिशी काढा. सहा बायका, प्रत्येकीचे आठवड्याला १५० रुपये. टाकी नऊशेच्या आसपास धरली तर दर आठवड्याला एकीची टाकी निघते आणि प्रत्येकीची पाळी सहा आठवड्यांनी येते. म्हणजे वर्षाला आठ-नऊ टाक्या. छोट्या घराचा पूर्ण स्वयंपाक त्यात बसतो, डाळ भिजवून कुकर लावला तर नक्की बसतो. परत आलेले पैसे जिचे तिनं ठेवायचे. बावीस घरांचे सहा-सहाचे तीन गट आणि उरलेल्या चौघींचा एक लहान गट होईल. ज्यांना एवढंही जड जातं त्यांनी ५ किलोच्या टाकीचं एजन्सीत विचारावं. उज्ज्वलात ती सोय आहे, एका वेळी थोडेच पैसे लागतात, आणि ती टाकी बुटकी असल्यानं ओटाही थोडा खाली घेता येतो.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार कुणाच्या खात्यात येतात? बहुतेक घरांत सासूच्या, कारण रेशनकार्डावर घरची कर्ती बाई म्हणून तिचं नाव असतं. म्हणून गॅसची बातमी आधी सासवांना सांगा. सुनांना जमवून तुम्ही कितीही बोललात तरी त्यांच्या हातात ना पैसा ना चूल.

कागदपत्रांसाठी दोन वाक्यं, कारण सीमेवर हे हमखास नडतं. ज्या घरात अजून कनेक्शन नाही त्यांतल्या काही सुना महाराष्ट्रातून, चंदगड-गडहिंग्लजकडून आलेल्या असतील, आधारवर पत्ता माहेरचा आणि नाव माहेरचं, रेशनकार्डात कन्नडमध्ये भलतंच. एजन्सीत जायच्या आधी आधारचा पत्ता आणि नाव बदलून घ्या, म्हणजे तीन-तीन खेपा वाचतात. फॉर्म कन्नडमध्ये असला तर वाडीतलं कन्नड शाळेत जाणारं एखादं पोर बरोबर न्या. बाईनं स्वतः काय लिहिलं ते ऐकून मगच अंगठा किंवा सही करावी.

काही घरांना गॅस यंदा जमणारच नाही. त्यांना अपराधी वाटेल असं बोलू नका. चूल पडवीत, सरपण पावसाआधी वाळवून झाकलेलं, आणि चूल पेटलेली असेपर्यंत तान्हं मूल दुसऱ्या खोलीत, एवढं झालं तरी पुष्कळ. आणि ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरं आहेत त्यांना गोबर गॅसचं जरूर सांगा. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, आणि शेणी थापून जे खत आपण जाळतो ते स्लरी, म्हणजे पातळ खत, होऊन शेतात जातं. माझा जीव या गोष्टीत फार आहे, पण त्यावर वेगळं पत्र लिहा.

शेवटी सासूबाईंचा खोकला. तुम्ही तो एका वाक्यात लिहून पुढं गेलात, मला मात्र तो पत्रभर ऐकू येत होता. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर बेडक्याची तपासणी करायची असते, क्षयासाठी, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. वर्ष झालंय, म्हणजे उद्याच जा. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, म्हणून तर आणखीच. क्षय नाही असं निघालं, तर मशीनमध्ये जोरात फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची चाचणी असते, ती कुठं होईल ते तिथंच विचारा, नाही तर बेळगावला जिल्हा रुग्णालयात. डॉक्टरांना आपणहून सांगा की या विडी ओढत नाहीत, चुलीपुढं पन्नास वर्षं बसल्या आहेत. त्या एकट्या गेल्या तर "काही नाही हो, जरा कफ झालाय" म्हणून परत येतील. बाळाला शेजाऱ्यांकडे ठेवा आणि तुम्ही बरोबर जा.